होल्ड, बिहोल्ड, बिहोल्डन : 'धरण्या'च्या जुन्या इंग्रजी शब्दांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या इंग्रजी दस्तांची भाषांतरे करताना आणि इंग्रजी शिकवताना मला 'होल्ड' या शब्दाच्या गोतावळ्याबद्दल जितके प्रश्न आले, तितके दुसऱ्या कुठल्याही शब्दाबद्दल आले नाहीत. वकिलाकडे उमेदवारी करणारी मुले विचारतात, साहित्याचे विद्यार्थी विचारतात, आजोबांच्या ट्रंकेत सापडलेले खरेदीखत घेऊन येणारी नातवंडे विचारतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे सोप्याकडून अवघडाकडे असे लावले आहेत. एखादे उत्तर दुसऱ्यावर अवलंबून असेल, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'होल्ड' म्हणजे धरणे, असे शाळेत शिकलो. जुन्या इंग्रजीत हा अर्थ लावला की वाक्य अडते. असे का?

कारण 'धरणे' हा त्याचा धाकटा अर्थ आहे. थोरला अर्थ 'राखणे'. इंग्रजीच्या कुळातली गॉथिक भाषा आज कोणी बोलत नाही. पण चौथ्या शतकात बिशप वुल्फिला यांनी तिच्यात बायबलचे भाषांतर केले आणि त्याचे काही भाग टिकले. त्यात डुकरे राखणाऱ्यांची गोष्ट येते, तिथे क्रियापद आहे 'हाल्दान', म्हणजे 'होल्ड'चेच भावंड. जनावरांवर नजर ठेवायची, त्यांना भरकटू द्यायचे नाही, ती आपल्या ताब्यात आहेत हे पाहायचे, या सगळ्याला मिळून तो एक शब्द. मुठीत धरणे हा अर्थ यातूनच पुढे ठळक झाला.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. आपण गुरे राखतो, शेत राखतो, मान राखतो, मौन राखतो आणि वेळप्रसंगी हातचे राखूनही ठेवतो. हे 'राखणे' मनात ठेवून खालचे शब्द वाचा. निम्मी कोडी तिथेच सुटतात.

२. 'बिहोल्ड' म्हणजे 'पाहा'. यात धरण्याचा काय संबंध?

जुन्या इंग्रजीत 'बिहेआल्दान' असे रूप होते. 'होल्ड'च्या आधी जोर देणारे 'बि' लावलेले. त्याचे अर्थ बाळगणे, जपणे, ताब्यात ठेवणे असे होते. जर्मनमध्ये 'बेहाल्टन'चा अर्थ आजही 'ठेवून घेणे' असाच आहे. 'पाहणे' या अर्थाकडे वळली ती इंग्रजी. राखणारा माणूस नजर ठेवतो, आणि त्या नजरेलाच पुढे शब्दाने आपले मुख्य काम मानले.

असा प्रवास दुसरीकडेही झालेला दिसतो. लॅटिनमधल्या 'सर्वारे'चा अर्थ राखणे, त्यापासून 'ऑब्झर्व्ह'. फ्रेंचमधल्या 'गार्दे'चा अर्थ राखण करणे, त्यापासून 'रिगार्ड'. इंग्रजी 'कीप' मात्र उलट्या वाटेने गेला. त्याचा जुना अर्थ लक्ष देणे असा होता, नंतर तो 'ठेवणे' झाला.

'लो अँड बिहोल्ड'मधल्या 'लो'चा धरण्याशी काही संबंध नाही, तो नुसता लक्ष वेधणारा उद्गार आहे. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये, म्हणजे बायबलच्या गाजलेल्या इंग्रजी भाषांतरात, 'बिहोल्ड' पावलोपावली येतो. भाषांतरात 'पाहा' एवढेच पुरते. 'अवलोकन करा' लिहिले की त्यातली हाक हरवते.

३. 'आय अ‍ॅम बिहोल्डन टु यू' म्हणजे 'मी तुम्हाला पाहिले' का?

नाही. 'मी तुमचा ऋणी आहे' किंवा जरा कडवटपणे 'मी तुमचा मिंधा आहे'. 'बिहोल्डन' हे 'बिहोल्ड'चे जुने धातुसाधित रूप. 'पाहिले' या अर्थाने आता 'बिहेल्ड' वापरतात आणि 'बिहोल्डन' वेगळ्या अर्थाने एकटे मागे राहिले. त्यातला 'होल्ड' जुना आहे. उपकाराने बांधलेला, दुसऱ्याच्या ताब्यात राहिलेला माणूस. 'ऑब्लाइज्ड'मध्येही लॅटिन 'बांधणे' आहेच, पण तो शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाला. 'बिहोल्डन'ला अजून धार आहे. 'मला कुणाचे मिंधे व्हायचे नाही' हे इंग्रजीत सांगायचे तर याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

शेक्सपिअर वाचताना एक अडचण येईल. त्याच्या काळात याच अर्थाने 'बिहोल्डिंग' असे रूप सर्रास चाले. 'ज्यूलिअस सीझर'मध्ये अँटनी ब्रूटसच्या नावाने जमावाचे आभार मानतो, तिथे हेच रूप आहे. ती छापण्यातली चूक नाही.

४. आमच्याकडच्या जुन्या कागदात 'कोर्ट होल्डन अ‍ॅट' असे आहे. लिहिणारा चुकला का?

चुकलेला नाही. 'ईटन', 'ब्रोकन', 'स्पोकन' यांच्याच घडणीचे 'होल्डन' आहे, म्हणजे आजचे 'हेल्ड'. सामान्य बोलण्यातून ते गेले, पण कायद्याच्या भाषेत रेंगाळले. अमुक ठिकाणी भरलेले न्यायालय, इतकाच अर्थ.

किंग जेम्स बायबलमधला एक वापर मला फार आवडतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांसोबत येशू चालत असतो आणि त्यांना तो ओळखू येत नाही. तिथे म्हटले आहे की त्यांचे डोळे 'होल्डन' होते. डोळे मिटलेले नाहीत की बांधलेले नाहीत, कुणीतरी आवरून धरलेले आहेत. 'हेल्ड' लिहिले असते तर अर्थ तोच राहिला असता, पण वाक्याला ते गांभीर्य आले नसते.

५. इंग्रजी लग्नात म्हणतात 'फॉरएव्हर होल्ड युअर पीस'. ही शांती कुठली?

इथे 'पीस' म्हणजे गप्प राहणे. 'होल्ड' म्हणजे पुन्हा राखणे. मौन राखा. या लग्नाला हरकत असेल तर आत्ता बोला, नाहीतर कायमचे मौन धरा. मराठीत मौन धरताही येते आणि राखताही येते, त्यामुळे हा वाक्प्रचार आपल्याकडे जसाच्या तसा उतरतो. तुकडा या अर्थाचा दुसरा 'पीस' इथे लिहू नका. ही चूक छापील मजकुरातही होते.

६. 'टु हॅव अँड टु होल्ड' हे शब्द लग्नाच्या शपथेतही आहेत आणि आमच्या मुंबईच्या फ्लॅटच्या दस्तातही. हे कसे?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचे उत्तर द्यायला मला कंटाळा येत नाही.

मूळ जमिनीच्या कागदातले आहे. इंग्लंडमधले जुने दस्त लॅटिनमध्ये लिहिले जात. त्यांत जमीन कोणाला, कशी आणि किती काळ मिळाली हे सांगणारे कलम 'हाबेंदुम एत तेनेंदुम' या शब्दांनी सुरू होई. त्याचा शब्दशः अर्थ 'बाळगण्यासाठी आणि धारण करण्यासाठी'. वकील या कलमाला अजूनही 'हॅबेंडम' म्हणतात.

दोन शब्द का, हे कळायला १०६६ नंतरची इंग्लंडची व्यवस्था पाहावी लागते. नॉर्मन विजयानंतर सगळी जमीन अखेरीस राजाची मानली गेली. बाकी सगळे ती राजाकडून, किंवा राजाच्या सरदाराकडून, काही सेवेच्या बदल्यात 'धरून' असत. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवलेल्या जमिनींच्या नोंदवहीत, नोंदीमागून नोंदीत लॅटिन 'तेनेत', म्हणजे 'तो धरतो', हा शब्द येतो. त्यामुळे दस्तात दोन गोष्टी सांगाव्या लागत. 'हॅव' म्हणजे कोणता हक्क मिळाला, आणि 'होल्ड' म्हणजे तो कोणाच्या हाताखाली राहून भोगायचा. १२९० मध्ये 'क्विआ एम्प्तोरेस' नावाचा कायदा झाला. त्यानंतर जमीन विकत घेणारा विकणाऱ्याचा हाताखालचा न होता थेट त्याच्या वरच्या सरदाराचा होऊ लागला. पुढे 'होल्ड'चे वेगळे काम हळूहळू संपले, पण जोडी मोडली नाही. कानाला बसलेली जोडी वकील सहसा मोडत नाहीत.

लग्नाच्या शपथेत हीच जोडी आहे. १५४९ च्या 'बुक ऑफ कॉमन प्रेयर' या इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकामुळे ती इंग्रजी घराघरांत पोचली. जोडीदाराला जमिनीसारखे ताब्यात घेणे असा अर्थ कोणी लावला की मला वाईट वाटते. प्रश्न १ मधले 'राखणे' इथे लावून पाहा. सुखात, आजारात, गरिबीत तुला जपेन, सांभाळेन, असे ते वचन आहे.

मुंबईत इंग्रजीत होणाऱ्या अभिहस्तांतरण दस्तांत हे शब्द इंग्रजी कायद्याबरोबर आले आणि राहिले. भाषांतर करताना 'पकडून ठेवण्यासाठी' असे चुकूनही लिहू नका. मी 'मालकी हक्काने धारण करण्यासाठी व उपभोगण्यासाठी' असे लिहितो. आपल्या जुन्या इनामाच्या सनदांत 'पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने' अनुभवण्याची भाषा असते. तिचेही काम हेच, हक्क कोणाला आणि कुठवर ते सांगण्याचे. दोन्ही भाषांतले कारकून एकच चिंता वाहत होते.

७. फ्रीहोल्ड, लीजहोल्ड, कॉपीहोल्ड यांत फरक काय? फ्रीहोल्ड म्हणजे फुकट का?

फुकट नव्हे. 'फ्री' म्हणजे मोकळ्या माणसाच्या इतमामाने धारण केलेली जमीन, वेठबिगारीचे बंधन नसलेली. ती वंशपरंपरेने चाले आणि तिला मानही होता. १४३० पासून इंग्लंडच्या परगण्यांत पार्लमेंटसाठी मत द्यायचे तर वर्षाला ४० शिलिंग उत्पन्न देणारी फ्रीहोल्ड जमीन असावी लागे. १८३२ च्या सुधारणेपर्यंत परगण्यांत हीच एक अट मुख्य होती.

लीजहोल्ड म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याने धारण केलेली.

कॉपीहोल्ड आता उरलेला नाही, आणि म्हणूनच लोक अडतात. जमीनदाराच्या गढीवर स्वतःचे न्यायालय असे. तिथल्या दप्तरात कुळाचे नाव चढे आणि त्या नोंदीची नक्कल कुळाला मिळे. ती नक्कल हाच त्याचा पुरावा, म्हणून कॉपीहोल्ड. १ जानेवारी १९२६ पासून तो प्रकार इंग्लंडमध्ये रद्द झाला. आधीच्या काळातली इंग्रजी कादंबरी वाचताना हा शब्द आला तर 'दप्तरी नकलेवर चालणारी वहिवाट' असे समजा.

महाराष्ट्रात सातबाऱ्यावर 'भूधारणा पद्धती' असा रकाना असतो. तो 'टेन्युअर'चा मराठी अवतार. जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा १९६१ चा कायदा आहे, त्यातली 'धारणा' म्हणजे 'होल्डिंग'. आपल्या महसुली मराठीने 'धृ' (धरणे) धातू पकडला, 'रक्ष्' (राखणे) सोडला. कायद्यापुरते ते योग्यच झाले.

८. टेनंट, टेन्युअर, टेनेट, लेफ्टनंट हे सगळे नातेवाईक आहेत का?

आहेत. हे 'होल्ड'च्या रक्ताचे नव्हेत, त्याच अर्थाच्या लॅटिन 'तेनेरे'चे आहेत आणि बरेचसे फ्रेंचमधून आले. टेनंट म्हणजे धारण करणारा, आपले कूळ. टेनेट म्हणजे मत किंवा तत्त्व. डूम्सडे बुकातले 'तो धरतो' हे क्रियापदच इथे नाम झाले आहे. मत 'धरतात', तसेच. आपल्या 'धर्म' शब्दात 'धृ' आहे, तेव्हा ही कल्पना आपल्याला नवी नाही. लेफ्टनंट म्हणजे 'ल्यू'ची, जागेची, धारणा करणारा, वरिष्ठाच्या जागी उभा राहणारा. त्यातला 'लेफ्ट' डावा नव्हे, तो फक्त ब्रिटिश उच्चार आहे आणि आपल्या सैन्यात तोच रुळला.

एक घुसखोर ओळखून ठेवा. 'टेंटरहुक्स'मधला 'टेंटर' या घरातला नाही. तो ताणणे या अर्थाच्या 'तेंदेरे'चा. धुतलेले लोकरी कापड वाळताना आटू नये म्हणून ज्या चौकटीवर ताणत, ती टेंटर.

९. बायबलमध्ये दाविद 'होल्ड'मध्ये राहतो आणि प्रेषितांनाही 'होल्ड'मध्ये टाकतात. एकच जागा का?

एकच शब्द, दोन जागा. दाविदाचा होल्ड म्हणजे गड, आश्रयाची बळकट जागा. प्रेषितांचा होल्ड म्हणजे कोठडी. राखण दोन्हीकडे आहे. एका ठिकाणी शत्रू बाहेर राहावा म्हणून, दुसऱ्या ठिकाणी कैदी आत राहावा म्हणून. गडाचा अर्थ आता 'स्ट्राँगहोल्ड'ने घेतला. निवडणुकीच्या बातम्यांत मराठी पत्रकार 'बालेकिल्ला' लिहितात तिथे इंग्रजी पत्रकार 'स्ट्राँगहोल्ड'च लिहितो. युरोपातल्या किल्ल्याच्या खऱ्याखुऱ्या बालेकिल्ल्याला मात्र 'कीप' म्हणतात (प्रश्न २ मधलाच तो).

१०. सोफ्याच्या गादीकामाला 'अपहोल्स्टरी' का म्हणतात? त्यात होल्ड आहे का?

आहे. 'अपहोल्ड' म्हणजे वर धरणे, तसेच डागडुजी करून टिकवणे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये 'अपहोल्डर' म्हणजे जुन्या वस्तू, कपडे, बिछाने नीटनेटके करून विकणारा. 'स्पिन्स्टर'मध्ये दिसतो तो 'स्टर' प्रत्यय लागून 'अपहोल्स्टर' झाला आणि पुढे त्याला आणखी एक 'र' जोडला गेला. लंडनमधली या कारागिरांची जुनी संघटना मात्र आजही 'अपहोल्डर्स' हेच नाव लावते.

११. 'विदहोल्ड'मधला 'विद' म्हणजे सोबत. मग अर्थ 'रोखून ठेवणे' कसा?

जुन्या इंग्रजीत 'विद'चा अर्थ 'विरुद्ध' असा होता. 'विदस्टँड'मध्ये तो स्पष्ट दिसतो, विरुद्ध उभे राहणे. 'विदहोल्ड' म्हणजे देण्याच्या उलट, मागे राखणे. अमेरिकेत पगारातून जो 'विदहोल्डिंग' कर कापला जातो त्याबद्दल तिथले मराठी लोक विचारतात, म्हणून सांगतो. मालकाने तो आधीच राखून सरकारकडे भरायचा असतो. 'हातचे राखणे' यापेक्षा जवळचा शब्द मला सुचत नाही.

१२. रेल्वेचे 'हॉल्ट' स्टेशन आणि खलाशांचे 'अव्हास्ट' यांचा 'होल्ड'शी संबंध आहे असे वाचले. खरे का?

दोन्ही खरे. थांबण्याचा 'हॉल्ट' जर्मन 'हाल्टन'वरून सैनिकी भाषेतून आला. इंग्रजीतही 'होल्ड!' म्हणजे 'थांब!' असा जुना वापर आहे. मॅकबेथ शेवटच्या लढाईत जे बोलतो त्यात तो आहे. आज फोनवर 'होल्ड करा' म्हणतात, तीही त्याचीच सावली. 'अव्हास्ट' म्हणजे खलाशांचे 'बस्स, थांबा'. तो डच 'हाऊ फास्ट'वरून, म्हणजे घट्ट धर.

बायबलमध्ये 'द हॉल्ट अँड द ब्लाइंड' आढळले तर तो 'हॉल्ट' वेगळा. त्याचा अर्थ लंगडा, आणि त्याचा 'होल्ड'शी संबंध नाही.

१३. 'होल्ड' सोडून धरण्याचे आणखी जुने शब्द कोणते?

पुष्कळ आहेत, आणि त्यांतले काही तुमच्या घरात आहेत. 'ग्राइप' म्हणजे मुठीत आवळणे. पोटात मुरडा आला की आतडी कुणी पिळते आहे असे वाटते, म्हणून त्यालाही 'ग्राइप'. १८५१ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम वुडवर्ड यांनी बाळांसाठी जे औषध काढले ते ग्राइप वॉटर. आपल्याकडच्या कितीतरी पिढ्यांनी ते चाखले, पण 'ग्राइप' म्हणजे मुरडा हे फार थोड्यांना ठाऊक असते.

'क्लिप' म्हणजे मिठी मारणे. केसांची आणि कागदाची क्लिप त्याच मिठीतून आली. कापण्याचा 'क्लिप' मात्र नॉर्स भाषेतून आलेला परका शब्द.

'फँग' म्हणजे पकडणे, मग पकडलेली शिकार, आणि शेवटी शिकार पकडणारा सुळा. 'हेंट' म्हणजे झडप घालून धरणे. तो मेला, पण 'हिंट' बहुधा त्याचाच वंशज. सूचना म्हणजे पटकन धरण्याची संधी.

१४. आपल्याकडे बोलण्यात आलेले 'होल्डॉल', 'होल्डर', 'होल्डफास्ट' हे जुनेच का?

होल्डॉल म्हणजे सगळे मावणारी पट्ट्यांची कॅनव्हासची वळकटी. रेल्वेच्या लांबच्या प्रवासात गादी, उशी, चपला सगळे त्यात जाई. इंग्रजीत 'होल्डॉल' अजून चालतो, पण तो आता हातातल्या मोठ्या पिशवीला. आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर येणारी ती वस्तू आपल्याकडेच जास्त टिकली. होल्डर म्हणजे टाकाची दांडी, आणि दिव्याचाही. होल्डफास्ट तर अजून जिवंत आहे. दाराची चौकट भिंतीत पक्की बसावी म्हणून गवंडी लोखंडी पट्ट्या गाडतात, त्या होल्डफास्ट. 'अव्हास्ट'चा अर्थ आणि याचा अर्थ अक्षरशः एक.

१५. 'थ्रेशोल्ड' म्हणजे उंबरठा. मळणीचे धान्य बाहेर सांडू नये म्हणून धरून ठेवणारा, ही गोष्ट खरी का?

खरी नाही. गोष्ट गोड आहे, म्हणून पसरते. जुने रूप 'थेरस्कोल्ड' किंवा 'थ्रेस्कोल्ड' असे आहे. पहिला भाग 'थ्रेश'शी नाते सांगतो. त्या धातूचा जुना अर्थ तुडवणे असाही आहे आणि उंबरठ्यावर पाय पडतोच. पण दुसरा भाग 'होल्ड' नाही. ऐकणाऱ्यांनी तो नंतर तसा मानला.

जहाजाचा 'होल्ड', जिथे माल भरतात, तोही फसवा आहे. तो 'होल', म्हणजे पोकळी, या घराण्यातला. माल 'धरणारी' जागा अशी समजूत झाली आणि शेवटी 'ड' चिकटला.

१६. 'हॅव' आणि लॅटिन 'हाबेरे' यांचा अर्थ एक, आवाज जवळजवळ एक. प्रश्न ६ मधली जोडी म्हणजे एकाच शब्दाचे भाषांतर ना?

अर्थाचे भाषांतर आहे, पण शब्द नात्यातले नाहीत. हे अनेकांना पटत नाही, म्हणून जरा सावकाश सांगतो. लॅटिनमध्ये जिथे 'क' असतो तिथे इंग्रजीत 'ह' येतो. 'सेंतुम'चा जुना उच्चार 'केंतुम', इंग्रजीत 'हंड्रेड', आपल्याकडे 'शत'. लॅटिन 'कॉर्नू', इंग्रजी 'हॉर्न', संस्कृत 'शृंग'. या हिशेबाने इंग्रजी 'हॅव'चे लॅटिन भावंड 'ह'ने सुरू होणारे असू शकत नाही, ते 'क'ने सुरू व्हायला हवे. ते आहे 'कापेरे', म्हणजे पकडणे. 'कॅप्चर' आणि 'कॅप्टिव्ह' त्यातूनच आले. 'हाबेरे'चे इंग्रजी नातलग शोधायचे तर बहुतेक अभ्यासक 'गिव्ह'कडे बोट दाखवतात. म्हणजे दस्तातल्या त्या जोडीत 'होल्ड'ची सुरुवात राखण्यातून झाली आणि 'हॅव'ची पकडण्यातून.